समशेरची मानाची जागा

दत्ताजीरावांच्या घरात प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. दिवाणखान्यात एसीखाली नक्षीची खुर्ची आहे ती त्यांची. समोरच्या सोफ्याचं डावं टोक त्यांच्या मुलाचं, उदयसिंहरावाचं. सुनेची जागा स्वयंपाकघराच्या दारात, उभ्याने. आणि माझ्यासारख्या शेजारणीची जागा झोपाळ्यावर. दरबारात झोपाळा नसायचा, त्यामुळे तिथे कोण बसतं याच्याशी त्यांना काही कर्तव्य नाही.

त्यांचे आजोबा प्रतापसिंहराव गायकवाडी दरबारात मानकरी होते. तिथे कोणी कितव्या रांगेत बसायचं हे ठरलेलं असे, आणि ती जागा म्हणजे माणसाची सगळी किंमत. दरबार गेला, संस्थान गेलं, गुजरात होऊनसुद्धा पन्नासच्या वर वर्षं झाली, बडोद्यातलं पाणीगेटचं घर विकून ही मंडळी वासण्याला आमच्या सोसायटीत राहायला आली. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. "ज्याची जागा त्याने सोडायची नाही, बाई," हे मला ते आठवड्यातून एकदा तरी ऐकवतात. त्यांची स्वतःची जागा एसीखाली असल्यामुळे त्यांना ते म्हणायला सोपं जातं.

मला सगळे बाई म्हणतात, कारण मी मराठी शाळेत शिकवत होते. मुलं मिळेनाशी झाली तेव्हा शाळा बंद पडली आणि मी घरी बसले. उदय माझाच विद्यार्थी. उत्तर येत असूनही हात वर न करणारा. आता पंचेचाळिशीला आला, कारखान्यात मोठा साहेब झाला, पण घरात अजून त्याने हात वर केलेला नव्हता.

तर त्या नक्षीच्या खुर्चीच्या वर एक फोटो आहे. प्रतापसिंहराव पगडी घालून बसलेत, मांडीवर तलवार, आणि उजव्या हाताला एक अवाढव्य, केसाळ कुत्रा मान ताठ करून उभा आहे. या कुत्र्याची कथा मला पाठ आहे. नाव समशेर. पाणीगेटच्या घराच्या फाटकाशी, उजव्या खांबापाशी तो वर्षानुवर्षं उभा असायचा. ऊन असो, पाऊस असो, जागा सोडली नाही. कधी भुंकला नाही. कधी पाणी मागितलं नाही. "वडील मला नेहमी सांगायचे," दत्ताजीराव म्हणत, "त्याने कधी मानसुद्धा हलवली नाही. जनावर, पण खानदानी."

ते जन्मले तेव्हा हा कुत्रा उरलेलाही नव्हता. पण जे आपण पाहिलेलं नाही त्याबद्दल माणूस जास्त खात्रीने बोलतो.

सत्तरी जवळ आली तशी त्यांना त्या फोटोतल्यासारखा कुत्रा फाटकाशी असावा असं वाटायला लागलं. कुठून तरी दिल्लीकडून सेंट बर्नार्ड आणवला. बर्फात गाडल्या गेलेल्या माणसांना हुडकून काढणारी ही जात म्हणे. आमच्या बडोद्यात बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर मिळतो, आणि तिथे अजून कोणी गाडलं गेल्याचं ऐकिवात नाही.

आला तो डिसेंबरात. वासराएवढं धूड, अंगावर दोन पदरी केस, वरचे राठ आणि आतली लोकर. नाव अर्थातच समशेर. फाटकाच्या उजव्या खांबाला साखळी बांधली, वर पत्र्याचा एवढासा आडोसा केला. घराचा उंबरा त्याने ओलांडायचा नाही, असा हुकूम झाला. थंडी होती तोवर सगळं छान चाललं. पहाटे दवात तो आनंदाने लोळायचा. उत्तरायणाला सगळी सोसायटी गच्चीवर पतंगांच्या मागे आणि समशेर खाली एकटा, कापून आलेले पतंग पंजाखाली धरून बसलेला. येणारेजाणारे थांबत, "बापरे, आटलो मोटो!" म्हणत, आणि दत्ताजीराव बाहेर येऊन आजोबांची कथा सांगत. गुजरातीतून सांगताना तर कुत्रा आणखी थोडा मोठा व्हायचा.

कुत्रा सासऱ्यांचा, पण करायचं सगळं सुनेने. वसुंधरा कोल्हापूरकडची, कमी बोलणारी. लग्नाआधी बँकेत होती. या घरात सुना नोकरी करत नाहीत हे तिला लग्नानंतर कळलं. कुत्रा आणला तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिला कुत्र्यांची मुळीच आवड नव्हती. पहिले काही दिवस ती ताटली लांबून ढकलायची. मग एक दिवस मी गच्चीवरून पाहिलं, तर ती फाटकाशी पायरीवर बसली होती आणि त्या धुडाने आपलं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं होतं. त्या घरात तिला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तेही घराबाहेर.

फाल्गुनात लोकर गळायला लागली. वसुंधरा रोज सकाळी तारेचा ब्रश घेऊन बसायची आणि टोपलीभर लोकर काढायची. बुलबुलांनी त्या वर्षी गाद्यागिरद्यांची घरटी केली. शेजारच्या भानुबेनच्या बटाट्याच्या वेफर गच्चीवर वाळत होत्या, त्यांत केस जाऊन बसले. भानुबेन पंधरा दिवस आमच्याशीही बोलल्या नाहीत. मी काय केलं होतं कोण जाणे, पण मराठी सगळे एकच.

मग उन्हाळा आला, आणि बडोद्याचा उन्हाळा काय चीज आहे ते ज्याने काढलाय त्यालाच ठाऊक. कुंडीतलं पाणी सकाळीच कोमट व्हायचं. समशेरने गुलाबाचा वाफा उकरून खड्डा केला आणि त्यात पोट टेकून पडायला लागला. दत्ताजीराव नाराज झाले. गुलाबांसाठी नव्हे, तर फोटोतला कुत्रा उभा होता म्हणून. त्यांनी लहरीपुऱ्याच्या बाजारातून झालरवाली मोठी छत्री आणली आणि खांबाला बांधली. "मानकऱ्यांवर अब्दागिरी असायची, बाई," मला म्हणाले. अब्दागिरीखाली मानकरी जीभ लोंबवून धापा टाकत होता.

तेवढ्यावर थांबते तर बरं होतं. अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर त्यांनी त्याचे सगळे केस काढवले. "उन्हाळ्यात आपण तरी लोकरीचा कोट घालतो का?" असा त्यांचा सवाल. उदयला मशीन धरायला लावलं. उदयने धरलं. त्या केसांखालून निघालेली गुलाबी कातडी त्या उन्हात भाजली, फोड आले, आणि वसुंधरा रडत रडत त्यावर मलम लावत बसली. प्राण्यांचे डॉक्टर आले ते दत्ताजीरावांवर ओरडलेच. केसांचे ते दोन पदर थंडीला अडवतात तसेच उन्हालाही अडवतात, ते विंचरायचे असतात, भादरायचे नसतात. आणि जाता जाता म्हणाले, "काका, आ बरफनो जीव छे. आने अंदर राखो, पंखा नीचे."

"डॉक्टर शिकलेला आहे," ते गेल्यावर दत्ताजीराव म्हणाले, "पण खानदानी जनावरांची त्याला माहिती नाही."

मी झोपाळ्यावरून विचारलं, "मग फोटोतल्या समशेरचे केस काढायचे का हो उन्हाळ्यात?"

"छे! बारमाही तसाच."

"मग याचे का काढलेत?"

त्यांना फोन आला. वाजलेला मी ऐकला नाही, पण आला.

पावसाळा त्याहून वाईट. केस वाढले ते खुंटासारखे, ठिगळ लावल्यासारखे, आणि आतली लोकर ओली झाली की दोन दोन दिवस वाळेना. कुबट वास, गोचिड्या, कानामागे चिघळलेली जखम. छत्री पहिल्याच वावटळीत भानुबेनच्या अंगणात जाऊन पडली. तेव्हा वसुंधरेने काय करावं? खिडकीच्या जाळीतून लांब वायर काढली, आडोशात बसली आणि स्वतःच्या केसांच्या ड्रायरने त्याला वाळवायला लागली. रोज, पाऊस थांबला की. लग्नात माहेरून मिळालेला तो ड्रायर त्या श्रावणात जळून गेला.

एकदा तिने सासऱ्यांना विचारलं. माझ्यासमोर, दारात उभी राहून. "आबासाहेब, रात्रीपुरता त्याला व्हरांड्यात घेऊ का?"

"सूनबाई, आज व्हरांडा, उद्या दिवाणखाना. ज्याची जागा त्याने सोडायची नाही."

ती आत गेली. उदय सोफ्याच्या डाव्या टोकाला पेपर वाचत होता. तो पेपर त्याने सकाळीच वाचलेला होता.

मला त्या घराचा फार संताप यायचा, आणि तरी मी रोज जायचे. एक तर त्यांच्याकडचा चहा चांगला असतो. दुसरं म्हणजे ती पोरगी, नि फाटकाशी तिची वाट बघणारं ते भाबडं जनावर. दोघं एकमेकांना धरून होती. तो गेला तर या घरात तिचं असं काही उरणार नव्हतं, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं.

थंडीत तो सावरला. केस पुन्हा दाट आले, पाठीवरचा एक पट्टा सोडून. उत्तरायणाला पुन्हा पतंग पकडले. लोक पुन्हा "बापरे" म्हणाले. वसुंधरा मात्र फेब्रुवारीपासूनच गप्प झाली. "बाई, यंदाचा उन्हाळा त्याला झेपायचा नाही," एवढंच मला म्हणाली. तिने वाळूचा वाफा केला, तो भिजवत राहिली, गोणपाटं ओली करून टांगली, बर्फाचे खडे पाण्यात टाकले. जे जे बाहेर राहून करता येतं ते सगळं तिने केलं.

वैशाखात त्यांच्या भावकीत लग्न निघालं. त्यासाठी इंदूरहून दत्ताजीरावांच्या आत्या आल्या, अहल्याबाई. प्रतापसिंहरावांच्या त्या सगळ्यांत धाकट्या कन्या. नव्वदीला टेकलेल्या, दात सगळे गेलेले, आईस्क्रीमच्या मात्र मोठ्या भोक्त्या. कित्येक वर्षांनी बडोद्याला येत होत्या, आणि वासण्याच्या या घरात तर पहिल्यांदाच. दत्ताजीरावांनी भेटायला मलाही बोलावलं. दुपारची वेळ, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आत एसी गार. दत्ताजीराव आपल्या खुर्चीत, उदय आपल्या टोकाला, आत्यासाहेब सोफ्याच्या मधोमध. कारण त्यांना त्यांची जागा सांगायची कोणाची छाती नव्हती.

वसुंधरा पाणी बदलायला बाहेर गेली आणि तिची किंचाळी ऐकू आली.

मी उठून दारात जाईपर्यंत तिने साखळी सोडली होती. समशेर आडवा पडला होता, डोळे अर्धे उघडे, जीभ काळसर जांभळी, आणि छाती भात्यासारखी चाललेली. ती त्याला पुढच्या पायांना धरून ओढत होती. तिच्याहून तो जड. फरशीवर त्याची नखं खरखरत होती. उंबऱ्याशी ती अडली. मी पुढे झाले, पण माझ्या कंबरेला ते कुठलं जमायला? तेवढ्यात मागून उदय आला. बापाकडे न बघता त्याने कुत्र्याचं मागचं अंग उचललं आणि दोघांनी समशेरला उंबऱ्याच्या आत आणलं. अखेर पोराने हात वर केला.

"सूनबाई!" दत्ताजीराव खुर्चीतून म्हणाले. "त्याला त्याच्या जागेवर न्या. पाणी मारा, सावली करा, काय हवं ते करा, पण तिथे."

वसुंधरा फरशीवर बसलेली होती, दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर. त्याचं डोकं तिच्या मांडीवर. "तो मरेल, आबासाहेब."

"काही मरत नाही. नाटकं आहेत. आजोबांचा समशेर असाच उन्हात..." त्यांनी वर फोटोकडे बोट केलं. "सबंध आयुष्य फाटकाशी उभा राहिला. पाण्याचा थेंब मागितला नाही."

आत्यासाहेबांनी चष्मा सरळ केला आणि फोटोकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं. दात नसलेल्या माणसाचं हसणं थांबता थांबत नाही. "अरे दत्ता," त्या म्हणाल्या, "तो पाणी मागेल कसा? त्याच्यात पेंढा भरलेला होता!"

एसी तेवढा चालू होता.

"पेंढा?" दत्ताजीराव म्हणाले.

"पेंढा, पेंढा. पाय लाकडाचे होते. मी लहानपणी त्याच्या पाठीवर बसायची. एका इंजिनेर साहेबाचा कुत्रा तो, टॉमी की टिमी असं काही नाव. साहेब विलायतेला परत जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात आमच्या वडिलांनी घेतला. फोटोत बरा दिसतो म्हणून. तुझा बाप गमतीने सांगायचा, आमचा कुत्रा भुंकत नाही, पाणी मागत नाही, मान हलवत नाही. आम्ही सगळे हसायचो. तू खरं धरलंस की काय?"

दत्ताजीरावांच्या चेहऱ्याचं मी वर्णन करणार नाही. शेजारधर्म म्हणून काही आहे.

"पण... फाटकाशी..." ते म्हणाले.

"फाटकाशी कशाला ठेवतील? एवढे पैसे मोजून आणलेला! उन्हाने केस विटले असते, पावसाने कुजला असता. चांगला दिवाणखान्यात होता, पंख्याखाली. नोकर रोज पिसाने झटकायचा. पुढे वाळवी लागली तेव्हा टाकून दिला."

मेलेल्या कुत्र्याला पंखा आणि जिवंताला फाटक. मी तोंड उघडणार होते, आयुष्यभराची सवय आहे. पण आत्यासाहेबांचं हसणं थांबलं होतं. त्या आता फोटोकडे बघत नव्हत्या, खाली फरशीवर बघत होत्या.

"तो का मेला होता, ते विचार की," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "साहेबाने थंडीत आणला होता. बडोद्याचा पहिलाच उन्हाळा. असाच, जीभ काळी पडून. हाही तसाच चाललाय, दत्ता."

वसुंधरेने कोणाची वाट पाहिली नाही. "उदय, खुर्ची हलवा," ती म्हणाली. एसीचा झोत नेमका त्या नक्षीच्या खुर्चीवर येतो. उदय पुढे झाला आणि बापासमोर उभा राहिला. तिथून तो हलला नाही. दत्ताजीरावांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्या धापा टाकणाऱ्या धुडाकडे. आणि ते उठले.

खुर्ची भिंतीला सरकली. समशेर तिच्या जागी आला. मी बादल्या भरून दिल्या, वसुंधरेने ओल्या पंच्यांनी त्याचं पोट आणि पंजे पुसले, उदय डॉक्टरांना फोन करत राहिला. या सगळ्या धांदलीत दत्ताजीरावांना उभं राहायला कुठे जागाच उरली नाही. शेवटी ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. डॉक्टर येऊन सलाईन लावेपर्यंत तिथेच उभे होते. पाय दुखत असतील. कोणी त्यांना बसा म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही, याचा मला अजून पश्चात्ताप झालेला नाही.

संध्याकाळी समशेरने शेपूट हलवली, एकदाच. वसुंधरा मोठ्याने रडली. सासऱ्यांच्या देखत, दिवाणखान्यात.

तो जगला. पायात पूर्वीची ताकद राहिली नाही, लांब फिरायला जात नाही. पहाटे अंगणात लोळतो आणि ऊन चढलं की आपला आपण उंबरा ओलांडून आत येतो, एसीखाली पडतो. एकदा दत्ताजीरावांनी खुर्ची पुन्हा तिथे सरकवायचा प्रयत्न केला. तेव्हा वसुंधरा अगदी नम्रपणे म्हणाली, "आबासाहेब, ज्याची जागा त्याने सोडायची नाही." खुर्ची भिंतीशीच राहिली. तिथे एसी लागत नाही.

दिवाळीत साताऱ्याकडचे कोणी पाहुणे आले होते. मी झोपाळ्यावर होते. वसुंधरा सोफ्याच्या उजव्या टोकाला बसली होती, तिच्या पायांवर समशेरचं डोकं. ती जानेवारीपासून पुन्हा बँकेत जाणार आहे, पण ते पाहुण्यांना सांगायची हिंमत दत्ताजीरावांना अजून झालेली नव्हती. पाहुण्यांनी फोटो न्याहाळला. "वा! म्हणजे ही जात तुमच्याकडे पूर्वीपासून. हा फाटकाशी असायचा वाटतं?"

दत्ताजीरावांनी तोंड उघडलं. मी झोपाळा थांबवला. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग सुनेकडे. वसुंधरा त्यांच्याकडेच बघत होती.

"छे, छे," ते म्हणाले. "घरात असायचा. पंख्याखाली."

आपल्या खानदानाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य. समशेरने मानसुद्धा हलवली नाही.